बाहेरगावचे

आमच्या वाचनालयाचं कुलूप मी सकाळी साडेसातला उघडायचे, आणि त्या वेळी पायरीवर एक गृहस्थ उभे असायचे. साठीच्या आसपासचे, किडकिडीत, अंगात पांढरा शर्ट, खांद्याला काळी रेक्झिनची बॅग. "नमस्कार ताई," म्हणायचे आणि माझ्या मागोमाग आत येऊन वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसायचे. चारही वर्तमानपत्रं पहिल्या ओळीपासून बाजारभावापर्यंत वाचायचे आणि वाचून झालं की कडा जुळवून होती तशी घडी घालायचे. ती घडी मला फार आवडायची. बाकीचे वाचक पेपर असे टाकून जायचे, की वाटावं यावर कुणी भजी खाल्ली.

हे गाव श्रीरामपूरच्या अलीकडचं, रेल्वेच्या कडेचं. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात माझी चूक मोठी आहे आणि तिचा डाग गावाला लागायला नको. तिथे मी अठ्ठावीस वर्षं ग्रंथपाल होते. पद ऐकायला मोठं वाटतं, पण कुलूप उघडण्यापासून पुस्तकांना खळ लावण्यापर्यंत सगळं मीच करायचे. पेन्शन नव्हतं. लग्न झालेलं नव्हतं. आई होती तोवर घराला घर म्हणता येत होतं. ती गेल्यावर दोन खोल्या उरल्या, त्याही भाड्याच्या. वाचनालय बंद करून घरी आले की दुसऱ्या सकाळपर्यंत कुणी माझ्याशी एक शब्दही बोललेलं नाही, असं आठवड्यातून पाच दिवस तरी व्हायचं. मी मोठ्याने बोलायला लागले होते. "आता दूध तापवते." "आता दिवा मालवते." आवाज गंजू नये म्हणून.

त्यामुळे सकाळचा तो "नमस्कार ताई" माझ्या दिवसातला पहिला माणसाचा आवाज असायचा. त्या गृहस्थांबद्दल मी मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं. निवृत्त शिक्षक असणार, नाहीतर कारखान्याच्या ऑफिसातले. बायको घरी पोहे करत असेल. सून फरशी पुसते म्हणून सकाळी बाहेर पडत असतील. यातलं काहीही त्यांनी मला सांगितलेलं नव्हतं. माणसाने इस्त्रीचा शर्ट घातला की आपण त्याच्यामागे आख्खं घर उभं करतो.

ते पुस्तकंही वाचायचे, प्रवासवर्णनं जास्त. पण कधी घरी न्यायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "भाऊ, सभासद व्हा की. घरी निवांत वाचता येईल."

"नको ताई. घरी उजेड न्हाई," ते म्हणाले, आणि मी हसले. ते मात्र हसले नाहीत. ते मला नंतर आठवलं.

वाचनालयाला रस्त्याच्या बाजूने पत्र्याचा व्हरांडा होता. त्या वर्षी पावसाळ्यात आमच्या अध्यक्षांना सकाळी फिरायला जाताना तिथे दोन-तीन माणसं झोपलेली दिसली. पुढे एकदा कोपऱ्यात दारूची बाटली सापडली. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, माणूस सरळ, कुणाचं वाईट चिंतणारा नव्हे. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, नगरपालिकेला एक अर्ज लिहा. व्हरांड्याला लोखंडी जाळी बसवून द्या म्हणावं. तुमचं अक्षर चांगलं आहे."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. एसटी स्टँडच्या शेडमध्ये राहणारी माणसं मी येता-जाता बघत होते. नाकाला पदर लावून पुढे जात होते. माझ्या डोक्यात त्यांच्याबद्दल सगळं पक्कं होतं. ही माणसं आळशी असतात, व्यसनी असतात, घरच्यांना सोडून आलेली असतात, आणि कुठून कुठून आलेली असतात. आपल्या गावची तर नक्कीच नसतात. आपल्या गावात असं कुणी कसं असेल?

टेबलाशी बसून मी अर्ज लिहिला. "वाचनालयाच्या व्हरांड्यात बाहेरगावचे व्यसनी व निरुद्योगी लोक मुक्काम करीत असून वाचकांना, विशेषतः महिलांना, त्याचा उपद्रव होत आहे." वाक्य जमलंय असं वाटलं. समोर ते गृहस्थ पेपर वाचत होते. मराठी चांगलं असलेला तेवढा एकच माणूस त्या वेळी आसपास होता, म्हणून मी कागद त्यांच्याकडे सरकवला.

"भाऊ, जरा नजर टाकता? शुद्धलेखन वगैरे."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. कागद दोनदा वाचला. मग माझ्याकडचं पेन घेऊन "निरुद्योगी"मधला मी घाईत चुकवलेला उकार नीट केला. आणि "बाहेरगावचे" या शब्दावर पेनाचं टोक ठेवून म्हणाले, "ह्यो एक शब्द काढला तरी चालंल, ताई. गावचेच असतील."

"छे हो, आपल्या गावचे कसे असतील?" मी म्हटलं. "आणि तसं लिहिलं की नगरपालिका लवकर हलते."

त्यांनी कागद परत दिला. शब्द तसाच राहिला. महिन्याभरात व्हरांड्याला जाळी बसली, तिला कुलूप लागलं, आणि त्याची किल्ली माझ्या जुडग्यात आली.

जाळीनंतरही ते यायचे. पण शर्टाला चुण्या दिसायला लागल्या. खोकला धरला होता. पेपर वाचता वाचता मान खाली जायची आणि दचकून वर यायची. मला वाटलं, वय झालं. एकदा मी बडीशेपेची डबी पुढे केली, त्यांनी दोन दाणे घेतले. याहून जास्त चौकशी मी केली नाही. एकटं राहणाऱ्या माणसाला वाटतं की आपणच तेवढे एकटे आहोत. दुसऱ्याचं एकटेपण त्याला दिसत नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. माझी मावसबहीण दोन दिवस राहून गेली. तिला सकाळच्या गाडीला सोडायला मी स्टेशनवर गेले. नुकतं उजाडलं होतं. गाडी गेली, मी फलाटावरून परत निघाले, तर टोकाच्या नळाशी ते गृहस्थ दिसले. बनियनवर उभे होते, कुंपणाच्या तारेला तळहाताएवढा आरसा टांगून दाढी करत होते. शेजारी बाकावर ती काळी बॅग. मला आनंदच झाला. कुठेतरी निघालेले दिसतात, दोन शब्द बोलावं म्हणून मी पुढे झाले. मग मला त्यांचा पांढरा शर्ट दिसला. तो हँगरला लावून तारेवर टांगला होता, सुरकुत्या पडू नयेत म्हणून खाली ओढून पिनेने ताणला होता. बाकाखाली गुंडाळलेली सतरंजी होती, तिला सुतळी बांधलेली.

प्रवासाला निघालेला माणूस हँगर घेऊन निघत नाही.

आरशात त्यांना मी दिसले असणार. त्यांचा हात थांबला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, म्हणजे मी त्यांच्याकडे आणि त्यांनी आरशातून माझ्याकडे. त्या वेळी मी साधं "नमस्कार भाऊ" म्हणायला हवं होतं. मी वळले आणि जिन्याकडे चालायला लागले. चालताना मला जाळी आठवली, अर्ज आठवला, आणि त्या शब्दावर टेकलेलं पेनाचं टोक आठवलं. घरी येऊन मी कॉटवर बसून राहिले. त्या दिवशी वाचनालय अर्धा तास उशिरा उघडलं. पायरीवर कुणी नव्हतं.

ते आठ दिवस आले नाहीत. पेपर विस्कटलेले पडायचे, मी घड्या घालायचे, माझ्या घड्या तशा यायच्या नाहीत. आठ दिवसांत सकाळी दहापर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही. नवव्या दिवशी दुपारी वाचनालय बंद करून मी त्यांना शोधायला निघाले. स्टेशनवर नव्हते. तिथल्या चहावाल्याने सांगितलं, "ते व्हय? ते दिवसा मार्केट यार्डात असत्यात. कांदा निवडायला."

कांद्याच्या शेडमध्ये बायकांच्या रांगेत ते उकिडवे बसून कांदा निवडत होते. सडका एका बाजूला, मोड आलेला दुसऱ्या बाजूला. अंगात जुना निळा सदरा होता. पांढरा शर्ट फक्त वाचनालयासाठी असायचा, हे मला तेव्हा कळलं. आणि ज्यांना मी निरुद्योगी असं अर्जात लिहिलं होतं त्यांच्या हातांना काम थांबवायलाही वेळ लागला. मुकादमाला विचारून ते उठले. आम्ही पोत्यांच्या सावलीला बसलो.

मी म्हटलं, "भाऊ, तो अर्ज मी लिहिला होता."

"मला म्हाईत हाय की. मीच वाचला."

"तुम्ही तिथे झोपत होता?"

"व्हय. मी, आन् एक म्हातारा बँडवाला, आन् अधनंमधनं एक जन. ती बाटली आमची नव्हती ताई. मोटारसायकलवाली पोरं संध्याकाळी बसायची तिथं. आमी उलट भेत हुतो त्यांना. सकाळी निघताना मी जागा झाडून जायचो."

व्हरांडा रोज स्वच्छ असायचा. सफाईवाली किती मन लावून काम करते, असं मी अध्यक्षांनाही सांगितलं होतं.

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

त्यांनी कांद्याच्या टरफलाचा तुकडा बोटांत चुरगळला. "काय बोलायचं? मी तिथं झोपतो म्हनलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तुमी मला पेपर दिला असता का? दिला असता, तुमी चांगल्या हाय. पन तसा न्हाई दिला असता."

हे खरं होतं. मग त्यांनी आपली हकिकत सांगितली. विचारल्याशिवाय सांगत नव्हते, आणि विचारलं की थोडंच सांगत होते.

ते एका साखर कारखान्यात पॅनमन होते. पॅन म्हणजे रस आटवायचं मोठं बंद भांडं. त्यात साखरेचा दाणा कधी धरतो हे ओळखणारा माणूस तो पॅनमन. काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा, उजेडाकडे धरायचा आणि ठरवायचं. बत्तीस हंगाम त्यांनी हे केलं. राहायला कारखान्याची खोली होती. वडील कर्जतकडून ऊसतोडीला आले आणि इकडेच राहिले. हे जन्मलेही इकडेच, उसाच्या फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत. "म्हनून तो शब्द काढा म्हनलो," ते म्हणाले. "बाहेरगावचा म्हनजे मी कुठला, हे मलाबी सांगता यायचं न्हाई."

कारखाना बंद पडला. दोन हंगामांत चालू होईल असं सगळे म्हणत होते, म्हणून लोक खोल्यांतच थांबले. मग लाइट गेली, मग नळ गेले. त्यांच्या बायकोला किडनीचं दुखणं होतं, तिला आठवड्यातून दोनदा नगरला डायलिसिसला न्यावं लागे. "बिनपान्याच्या घरात आजारी मानूस कसं ठिवायचं?" म्हणून गावात भाड्याने खोली केली. बायको गेली. वर्षाच्या आत घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि खोली सोडावी लागली. "त्याचंबी चुकलं न्हाई," ते म्हणाले. पुढे एका बांधकामावर ते वॉचमन राहिले. सिमेंटची पोती ठेवायच्या खोलीतच झोपायचे. इमारत पुरी झाली, लोक राहायला आले. "त्यांच्या वास्तुशांतीला खुर्च्या मीच मांडल्या. संध्याकाळी किल्ली दिली आन् निघालो. काम संपलं, त्याच दिवशी घरबी संपलं."

"मुलंबाळं?"

"लेक हाय. चाकनला असती. एका खोलीत पाच जन. मी गेलो की जावई ग्यालरीत झोपतो. बोलत न्हाई काय, लई गुनाचा हाय. पन दोन दिवसांनी मलाच बसवत न्हाई. तिला वाटतं मी अजून वॉचमन हाय. सांगू नका."

मी कुणाला सांगणार होते?

घरकुलासाठी ते नगरपालिकेत गेले होते. तिथे जागेचा उतारा मागितला. जागा असती तर घरकुल कशाला मागितलं असतं, हे त्यांनी तिथे विचारलं नाही, मला विचारलं. रेशनकार्ड कारखान्याच्या खोलीच्या पत्त्यावरचं, ते कधी रद्द झालं कळलंही नाही. "नगरला निवारा हाय म्हनं, मी गेल्तो एकदा. जागा बरी हाय, पंखा हाय. पन काम हितं. रोज नगरहून येऊन कांदा निवडायचा तर पहाटंच निघाया पायजे."

निघताना मी म्हटलं, "उद्या या. पेपर वाट बघताहेत." त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी आले, पांढरा शर्ट घालून. "नमस्कार ताई" म्हणाले. मी चावी लावता लावता मान वळवून त्यांच्याकडे नीट बघून "नमस्कार भाऊ" म्हटलं. आम्ही दोघंही थोडे अवघडलो होतो.

त्यानंतर दोन महिने मी खटपट केली. सरकारी कामं कशी होतात हे मला ठाऊक आहे असं मला वाटायचं. रेशनकार्ड, वृद्धांची योजना, कशालाही आधी रहिवासाचा दाखला लागायचा. तहसीलच्या टेबलावरच्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, ते राहतात कुठे एवढं लिहून आणा. घरमालकाचं संमतिपत्र जोडा, मी लगेच करते." स्टेशनचा बाक कुणाच्या मालकीचा, आणि त्याचं संमतिपत्र कोण देणार? मग मला वाटलं, माझा पत्ता देऊ. पण माझं घर तरी माझं कुठे होतं! घरमालकीणबाईंची सही लागणार होती.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही एकट्या. तुमच्या पत्त्यावर परक्या पुरुषाचं नाव? लोक काय म्हणतील याचा विचार केलाय का? आणि उद्या त्या माणसाने हक्क सांगितला म्हणजे?"

"ते तसे नाहीत हो."

"ते नसतील. पण रस्त्यावरची माणसं…" असं म्हणून त्या थांबल्या. वाक्य पुरं करायची गरज नव्हती. वर्षभरापूर्वी मीही तेच म्हटलं असतं.

मग मी भाऊंसाठी खोली शोधली. पाच-सहा ठिकाणी विचारलं. कुणी म्हटलं, फॅमिलीलाच देतो. कुणी म्हटलं, म्हातारा माणूस, एकटा, आत काही झालं तर आम्ही निस्तरायचं का? एकाने थेट विचारलं, "समाज कुठला?" कांदा निवडून त्यांना भाडं परवडणार नव्हतं असं नाही, काटकसरीने जमलं असतं. पण भाडं लांबच राहिलं. दारातूनच आम्ही परत फिरत होतो. शेवटच्या ठिकाणानंतर ते मला म्हणाले, "आता बास, ताई. तुमची बी किंमत कमी हुतीय माझ्यापायी."

शेवटी मी अध्यक्षांकडे गेले. वाचनालयाच्या मागे जुन्या अंकांची खोली होती. तिथे भाऊंना राहू द्यावं, रखवालदारही होईल, झाडलोटही होईल. अध्यक्षांनी बैठक बोलावली. मी उभी राहून सगळं सांगितलं, अर्जाचंही सांगितलं, त्या बाटलीचंही. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमचं मन मोठं आहे. पण ही संस्था आहे. आज एकाला ठेवलं तर उद्या दहा येतील." मला म्हणायचं होतं की दहा आत्ताही आहेत, ते आपल्याला दिसत नाहीत इतकंच. पण माझा आवाज बैठकीत चढत नाही, तो चढवायची सवयच नव्हती. विषय पुढे गेला. नंतर मी एकटीनेच जाळीचं कुलूप काढून ठेवायचं ठरवलं. तीन दिवस ठेवलं. चौथ्या दिवशी अध्यक्षांनी नवीन कुलूप आणून स्वतः लावलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. मला काही बोलले नाहीत, रागावलेही नाहीत. मला त्यानेच जास्त लागलं.

पुढच्या हंगामाच्या तोंडाशी भाऊंना यार्डातल्याच एका टेम्पोवाल्याकडून कळलं, की कर्जतच्या पुढे गूळ पावडरचा एक लहान कारखाना निघालाय आणि त्यांना पाक कळणारा माणूस हवाय. राहायला तिथेच खोली. ते मला सांगायला आले तेव्हा पायरीवरच उभे राहिले. बॅग होती, सतरंजी होती, हँगर बॅगेच्या पट्ट्याला लटकवलेला.

"हंगामापुरतं हाय," ते म्हणाले. "चार-पाच म्हैने. पन रस बघायला मिळंल."

मी स्टँडपर्यंत गेले. बस लागली तेव्हा मी दशम्यांचं पुडकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी माझा नंबर एका कागदावर लिहून घेतला, नीट घडी घालून खिशात ठेवला. बस गेल्यावर मी स्टँडच्या शेडमध्ये बाकावर बराच वेळ बसले. आजूबाजूची माणसं नेहमीचीच होती. एक बाई चिमुकल्या कढईत काहीतरी परतत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तिला काय विचारावं ते मला सुचलं नाही आणि मी उठून घरी आले.

त्या हिवाळ्यात सकाळी पायरीवर कुणी नसायचं. मी "नमस्कार" न ऐकताच चावी लावायचे. त्यांचा पंधरा-वीस दिवसांनी फोन यायचा, दोन मिनिटांचा. दाणा कसा पडतोय, थंडी किती आहे, पेपर तिथे येत नाही. एवढंच. मी निवृत्त झाले तेव्हा फोनवर सांगितलं. आणि त्याच महिन्यात घरमालकीणबाईंनी मला, "वरचा मजला चढवायचाय, तुम्ही दुसरीकडे बघा," असं सांगितलं, तेही सांगितलं.

मग ते म्हणाले, "कागद केलेला हाय का? भाड्याचा?"

"नाही. आईच्या वेळेपासून तोंडीच आहे."

"मग आत्ता मुदत लिहून घ्या. तीन म्हैने तरी मागा. आनि नवीन खोली मिळाल्याबिगर ही सोडू नका. मी लवकर सोडली, लाजंपायी. तुमी लाजू नका."

या विषयातलं कळणारा माणूस माझ्या ओळखीत तेवढा एकच होता. मी त्यांनी सांगितलं तसं केलं. खोल्या बघत फिरले तेव्हा मलाही तेच विचारलं गेलं. एकट्याच का? कोण येतं-जातं? पेन्शन नाही मग भाडं कसं देणार? शेवटी श्रीरामपूरला चर्चच्या मागच्या गल्लीत एका विधवा बाईंनी वरची खोली दिली. अकरा महिन्यांचा कागद केला. पुढचं पुढे.

हंगाम संपल्यावर कारखान्याने त्यांना राखण करायला ठेवून घेतलं. मे महिन्यात मी त्यांना भेटायला गेले. नगरला बस बदलून कर्जत, तिथून रिक्षाने पुढे. सगळीकडे ऊन आणि रिकामी काळी रानं. कारखान्याच्या फाटकाशी ते उभे होते, पांढऱ्या शर्टात. चिमणी थंड होती, आवारात चिटपाखरू नव्हतं.

त्यांची खोली दहा बाय दहाची, पत्र्याची. भिंतीला खिळा, खिळ्याला हँगर. एक कॉट, एक स्टोव्ह, पाण्याचा माठ. दाराला आतून कडी होती. ती त्यांनी मला लावून-काढून दाखवली. म्हणाले, "पहिला म्हैना झोपच यायची न्हाई. दार लावून निजायची सवय मोडली हुती. उठून बसायचो आन् कडी बघायचो."

"आता येते?"

"येती आता." मग म्हणाले, "लई गप वाटतं पन. स्टेशनावर गाड्या तरी असायच्या."

त्यांनी पिठलं-भाकरी केली होती. भाकरी माझ्यापेक्षा गोल होती. कांदा फोडून दिला, चांगला निवडलेला. मालक पुढच्या हंगामाला ठेवणार का, हे त्यांना माहीत नव्हतं. नजर अधू होत चालली होती, थेंब उजेडाला धरला की कडा पुसट दिसायच्या. ते कुणाला सांगितलेलं नव्हतं. दाखला, रेशनकार्ड, काहीच झालेलं नव्हतं. ही खोली होती तोवर होती.

जेवण झाल्यावर त्यांनी भांडी बाहेर नेऊन घासली. परत आले आणि कॉटवरची चादर झटकून सारखी केली, उशी उलटी करून थोपटली.

"परतीची गाडी चारला हाय," ते म्हणाले. "ऊन लई हाय. तुमी घटकाभर पडा हितं. मी बाहेर लिंबाखाली बसतो."

मी नको म्हटलं. ते म्हणाले, "पडा हो. पाव्हन्यानं जेवून तसंच जायचं नसतं."

ते बाहेर गेले आणि दार हळूच ओढून घेतलं. मी कॉटवर आडवी झाले. पत्र्याखाली उकडत होतं, चादरीला धुण्याच्या साबणाचा वास होता. आई गेल्यापासून मला कुणी "पडा जरा" म्हटलं नव्हतं. मला वाटलं, झोप कसली येतेय. पण आली, आणि गाढ आली. साडेतीनला त्यांनी दारावर दोन बोटांनी वाजवलं तेव्हा मी कुठे आहे हे मला क्षणभर कळलं नाही.